माशातल्या पाऱ्याचा हिशेब

(प्रभागसंघाच्या सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्या गटात सीआरपी ताईंनी तो वाचून दाखवावा.)

अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या सीआरपी ताई, खाडीकाठच्या आणि वरच्या गावांतून आलेल्या माझ्या तायांनो, मावश्यांनो,

कर्जफेडीचा विषय आत्ताच संपला, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे जरा मोकळे झालेत. आता मला वीस मिनिटं दिली आहेत, आणि विषय आहे मासळीचा. मासळी म्हटल्यावर इथे कुणी डुलकी घेणार नाही, हे मला माहीत आहे.

गेले काही महिने गटांच्या बैठकीत एकच प्रश्न फिरतोय. "खाडीच्या माशात पारा असतो म्हणतात, मग पोटुशी सुनेला मासे द्यायचे की नाही?" कुणाच्या तरी मोबाईलवर मेसेज येतो, तो या गटातून त्या गटात जातो, आणि मग दोन गोष्टी होतात. काही घरांत सुनेचे मासे एकदम बंद होतात, नऊ महिने नुसता डाळभात. दुसऱ्या घरांत म्हणतात, "आमच्या सात पिढ्या खाडीचं खाऊन जगल्या, कसला पारा नि कसलं काय!" आणि मधल्या मध्ये मासे विकणाऱ्या आपल्या तायांच्या पाटीकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं.

या दोन्ही टोकांनी नुकसान आपलंच होतं. मासे बंद केले तर ज्या बाईला प्रथिनं आणि बाळाच्या मेंदूला लागणारी चांगली चरबी सगळ्यात जास्त हवी, तिच्याच ताटातून ती जातात. आणि हसून सोडून दिलं तर त्याची किंमत पोटातलं बाळ मोजतं. म्हणून आज नीट हिशेब मांडू. बचत गटाच्या बाईला हिशेब शिकवावा लागत नाही.

पारा माशात येतो कुठून?

पारा आपण सगळ्यांनी बघितलाय. जुन्या काचेच्या थर्मामीटरमधली ती चंदेरी रेघ. पारा हा धातू आहे, पण नेहमीच्या हवेत तो पातळच राहतो आणि त्याची वाफही होते. दगडी कोळशात तो थोडा थोडा असतो. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळला की धुरातून हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. लहान सोन्याच्या खाणींमध्ये सोनं वेगळं काढायला पारा वापरतात. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यात या खाणींचा नंबर पहिला आणि कोळसा जाळण्याचा दुसरा. शिवाय काही कारखान्यांचं सांडपाणी. हे सगळं शेवटी उतारानं कुठे येतं? नदीत, धरणात, खाडीत.

खाडीच्या तळाशी काळा, वास मारणारा चिखल असतो ना, जिथे हवा पोचत नाही, तिथे बारीक जिवाणू राहतात. ते या पाऱ्याचं रूप बदलतात. त्या बदललेल्या रूपाला म्हणतात मिथाईल पारा. खरा धोका याचा. हा पोटात गेला की जवळजवळ सगळाच रक्तात उतरतो आणि तिथून मेंदूपर्यंत पोचतो.

आता चक्रवाढ व्याज आठवा. पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या शेवाळात पाऱ्याचा समजा एक पैसा आहे. जवळा असं पुष्कळ शेवाळ खातो. अन्न पचून जातं, पण पारा अंगात राहतो. बारका मासा शेकडो जवळे खातो, त्या सगळ्यांचे पैसे त्याच्याकडे जमा. मोठा मासा असे बारके मासे वर्षानुवर्षं खातो. म्हणजे प्रत्येक पायरीवर मुद्दलात व्याज, आणि व्याजावर पुन्हा व्याज. होता होता मोठ्या शिकारी माशाच्या मांसात भोवतालच्या पाण्यापेक्षा लाखो पट जास्त पारा साठू शकतो. पाणी तपासलं तर स्वच्छ दिसेल, पण माशाच्या खात्यात शिल्लक मोठी असेल.

गोड्या पाण्याचंही असंच. वरच्या गावच्या तायांनी "आमचं तर धरण आहे, खाडी नाही" असं समजू नये. नवीन धरण भरलं की झाडंझुडपं, माती पाण्याखाली कुजते आणि त्या कुजण्यात मिथाईल पारा जास्त तयार होतो. कॅनडातल्या धरणांत माशांमधला पारा असा वाढलेला आणि पुढे बरीच वर्षं टिकलेला दिसून आला आहे.

मिनामाताच्या आयांनी काय पाहिलं

जपानमध्ये मिनामाता नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. शांत उपसागर, कोळी वस्त्या, रोजच्या जेवणात मासे, आपल्यासारखंच. तिथे चिस्सो नावाच्या कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९३२ पासून तिथे एक रसायन बनवताना पारा वापरायचे आणि सांडपाणी समुद्रात सोडायचे.

आधी मांजरं विचित्र वागायला लागली. गोल गोल फिरायची, अंगाला झटके यायचे, पाण्यात पडून मरायची. लोक म्हणाले, मांजरं नाचतात. मग माणसांचे हातपाय बधिर व्हायला लागले. बोलणं जड, चाल डगमगती, नजर बाजूबाजूने झाकोळलेली. १ मे १९५६ ला कंपनीच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी सरकारला कळवलं, की मेंदूचा कुठला तरी न समजणारा आजार पसरतोय. १९५९ मध्ये विद्यापीठातल्या डॉक्टरांनी कारण सांगितलं, की हा पारा आहे. त्याच वर्षी होसोकावांनी एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी अन्नातून दिलं आणि ते मांजर तसंच आजारी पडलं. कंपनीने ती गोष्ट दाबून ठेवली. सांडपाणी १९६८ पर्यंत चालूच राहिलं. कारण कळल्यावरही नऊ वर्षं!

यात आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग बाळांचा आहे. त्या वस्त्यांमध्ये अशी बाळं जन्मत होती की ज्यांची मान धरत नव्हती, ज्यांना गिळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्यांच्या आया मात्र वरून धडधाकट दिसत. त्या वेळच्या डॉक्टरांचं मत असं, की वार विष अडवते, आईच्या पोटातल्या बाळापर्यंत ते जात नाही. पण आया सांगत होत्या, की मी मासे खाल्ले, त्यातलं विष माझ्या बाळाने घेतलं. मासाझुमी हारादा नावाच्या तरुण डॉक्टरने त्या आयांचं ऐकून घेतलं आणि अभ्यास केला. १९६२ मध्ये १६ मुलांना जन्मतःच हा आजार असल्याचं मान्य झालं.

आपल्याकडे वार पुरतात. जपानमध्ये बाळाची सुकलेली नाळ छोट्या डबीत घालून घरात जपून ठेवायची रीत आहे. हारादांनी पुढे घरोघरच्या या नाळा गोळा करून तपासल्या, तर त्यांत पारा सापडला. आयांनी जपून ठेवलेल्या वस्तूनेच साक्ष दिली.

आज आपल्याला माहीत आहे, की मिथाईल पारा वार ओलांडतो आणि बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त भरतो. म्हणजे आईला काहीच जाणवत नसताना बाळाला त्रास होऊ शकतो. म्हणून "मला तर काही होत नाही" हा पुरावा धरायचा नाही.

अजून एक गोष्ट. मिनामाताच्या मासळीची बदनामी झाली तेव्हा बाजारात ती कुणी घेईना. मग कोळ्यांनी काय केलं? न खपलेली मासळी घरी नेली आणि घरच्यांनी खाल्ली. गरिबाला दुसरा पर्याय नव्हता. ज्या ताईची पाटी संध्याकाळी भरलेली परत येते, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मिनामातामध्ये २,२०० हून जास्त लोकांना सरकारने अधिकृत रोगी मानलं, आणि त्याहून कितीतरी जास्त लोक वर्षानुवर्षं भरपाईसाठी भांडत राहिले. उपसागरातला गाळ हटवायला आणि भराव घालायला १९७७ ते १९९० एवढा काळ लागला. तिथला मासा सुरक्षित आहे हे जाहीर व्हायला १९९७ उजाडलं. आणि हे फक्त समुद्रात नाही झालं. १९६५ मध्ये जपानच्याच निगाता भागात आगानो नदीचे मासे खाणाऱ्यांना हाच आजार झाला. कारखाना वेगळा, पाणी गोडं, विष तेच.

आपल्या बाजूला काय?

"हे जपानचं झालं, आमचं काय?" बरोबर आहे. मिनामाताएवढा पारा प्रत्येक खाडीत असतो असं मुळीच नाही, आणि तसं सांगून मी कुणाला घाबरवणार नाही. पण आपला कोकण यातून अगदी सुटलेला नाही. ठाणे जिल्ह्यातल्या उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळात पारा असल्याचं समुद्रविज्ञानाच्या शास्त्रज्ञांनी तपासून नोंदवलं आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे कॉस्टिक सोडा बनवण्याची जुनी पद्धत, जिच्यात पारा वापरायचे. आता ती पद्धत मागे पडली, कारखाने पारा न लागणाऱ्या पद्धतीवर गेले. पण जो पारा गाळात गेला, तो कारखाना बदलला म्हणून नाहीसा होत नाही. वाळूउपशाने, खोदकामाने गाळ ढवळला की तो पुन्हा वर येतो.

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी देशादेशांनी २०१३ मध्ये करार केला, त्याला मिनामाताचंच नाव दिलंय. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. म्हणजे आपण याबद्दल बोललो तर सरकारने ज्यावर सही केली आहे तेच आठवण करून देतोय.

ताटाचा हिशेब

आता वही काढा.

जागतिक तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा अशी, की वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाईल पारा. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. बाईचं वजन ५० किलो धरा. ५० गुणिले १.६, झाले आठवड्याचे ८० मायक्रोग्रॅम. हे आपलं बजेट.

एखाद्या मोठ्या माशात किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम पारा असेल, तर आपलं आठवड्याचं सगळं बजेट १६० ग्रॅममध्ये संपलं. म्हणजे दोन मोठ्या तुकड्यांत. आणि बारक्या माशात याच्या दहावा हिस्सा, म्हणजे किलोला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर तेच बजेट १,६०० ग्रॅमपर्यंत पुरतं. एवढा मासा आठवड्याला आपल्यापैकी कोण एकटी खाते? घरच्यांना वाढून आपल्या वाट्याला किती येतो, ते तुम्हीच सांगा!

म्हणजे प्रश्न "मासा की नाही" हा नाहीच. प्रश्न "कुठला मासा" हा आहे.

कमी जोखमीचे: बारके, आयुष्य थोडं असलेले, शेवाळ आणि बारीक जीव खाणारे. जवळा, कोळंबी, मांदेली, तारली, बांगडा, बोंबील, बोय. गोड्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ.

जपून खायचे: मोठे, जुने, दुसरे मासे खाणारे. मुशी, मोठा कुपा, मोठी सुरमई. खाडीतला मोठा जिताडा, मोठी वाम, मोठा शिंगाळा. गोड्या पाण्यातली मोठी मरळ. मुशी तर गरोदर बाईने टाळलेलीच बरी. आता पंचाईत इथेच आहे, कारण बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी देण्याची आपल्याकडे रीत आहे. रीत प्रेमापोटीच आली. त्याच प्रेमापोटी मुशीच्या जागी बांगडा, तारली, बोंबील द्या. पोषण मिळतं, आणि बाळंतिणीचे पैसेही वाचतात.

तिसऱ्या, कालवं यांत मिथाईल पारा सहसा कमीच असतो. पण ती पाणी गाळून जगतात, म्हणून जिथे गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी पडतं तिथली घेऊ नका. तिथे प्रश्न पाऱ्याचा नाही, जंतूंचा आणि इतर घाणीचा आहे.

कुणी जपायचं? गरोदर बाई, दूध पाजणारी आई, लग्न ठरलेली किंवा मूल हवं असलेली मुलगी, आणि लहान मुलं. मुलगी आधीच का, तर अंगातला पारा निम्मा व्हायलाच साधारण दोन महिने लागतात. दिवस गेल्याचं कळेपर्यंत बाळाच्या मेंदूची घडण सुरू झालेली असते. अमेरिकेच्या अन्न खात्याचा गरोदर बायांना सल्ला आहे, की कमी पाऱ्याचा मासा आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खा. नीट ऐका, "खा" म्हणतात, "सोडा" म्हणत नाहीत.

स्वयंपाकघरातले चार समज

"मीठ लावून धुतला की जातो." नाही. पारा माशाच्या मांसालाच चिकटून बसतो.

"कोकम, चिंच घातली की मरतो." वास मरतो, पारा नाही.

"कडक तळला, उकळला की उडतो." नाही. पाणी उडतं, पारा तुकड्यातच राहतो.

"सुकवल्यावर निघून जातो." उलट आहे. सुकवताना पाणी जातं आणि मासा हलका होतो, पारा तेवढाच राहतो, म्हणून किलोमागे तो वाढलेला दिसतो. सुका जवळा, सुके बोंबील खायला हरकत नाही, कारण मुळातच त्यांत कमी असतो. पण सुकी मुशी सारखी सारखी नको.

कल्ले लाल, डोळे चमकदार, मासा ताठ ही ताजेपणाची खूण आहे. पाऱ्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो बघून कळत नाही, म्हणून तर आपण माशाचं नाव आणि आकार बघायचा.

आणि हातापायाला मुंग्या आल्या की लगेच पारा समजू नका. साखर, जीवनसत्त्वाची कमतरता, अशी पुष्कळ कारणं असतात. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

विकणाऱ्या तायांसाठी

तुमच्या पाटीची मला काळजी आहे. गिऱ्हाईकाने विचारलं तर रागावू नका आणि "काही नसतं हो" असंही म्हणू नका. सांगा, "ताई, घरी पोटुशी आहे का? मग ही मांदेली घ्या, हा बांगडा घ्या, मुशी नको." खरं सांगणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक परत येतं. आणि मेलेले मासे पाण्यावर तरंगताना दिसले तर ते उचलू नका, विकू नका, सुकवायलाही घालू नका. असे मासे बहुतेक वेळा प्राणवायू संपल्याने किंवा दुसऱ्या एखाद्या विषाने मेलेले असतात, पाऱ्याने नव्हे. पण म्हणून ते खाण्याजोगे होत नाहीत.

घरातला पारा

काचेचं थर्मामीटर फुटलं तर पारा झाडूने झाडू नका, त्याचे आणखी बारीक मणी होतात. मुलांना बाहेर काढा, दारंखिडक्या उघडा, हातातलं सोनं काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो. जाड कागदाने मणी एकत्र ढकलून बाटलीत घ्या आणि झाकण घट्ट लावा. मोरीत किंवा विहिरीजवळ ओतायचा नाही. ती बाटली आणि जुन्या ट्यूबलाईट, सीएफएल दिवे न फोडता वेगळे ठेवा आणि ग्रामपंचायतीला घातक कचऱ्यात द्यायला लावा.

आता करायचं काय?

घरात काय करायचं ते झालं. पण ताटातला मासा बदलून खाडी साफ होत नाही. बाईने घरात कितीही जपलं तरी वरून सांडपाणी येतच राहिलं तर आपण फक्त भांडी बदलत बसू. म्हणून तीन कामं.

पहिलं, प्रत्येक ग्रामसंघात एक खाडी-नदी वही. पाण्याचा रंग बदलला, फेस आला, मासे मेले, की तारीख, वेळ, जागा, कुणी पाहिलं ते लिहायचं आणि मोबाईलवर फोटो काढायचा. मिनामाताच्या आयांचं म्हणणं मान्य व्हायला वर्षं गेली. आपलं म्हणणं पहिल्या दिवसापासून कागदावर असू दे.

दुसरं, ग्रामसभेत ठराव, की आमच्या पाण्यातल्या माशांची आणि गाळाची पाऱ्यासाठी तपासणी व्हावी आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. त्याच्या प्रती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांना. पोच घ्यायला विसरायचं नाही.

तिसरं, उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. अर्ज लिहायला मी आणि तुमच्या सीआरपी ताई गावात येऊ. सही मात्र तुमची हवी.

बँकेच्या साहेबासमोर पहिल्यांदा बसताना आपल्यातल्या कितीजणींचा आवाज निघत नव्हता, आणि आज त्याच बँकेत आपण व्याजाचा दर विचारतो. तसाच हा एक प्रश्न आहे. माझ्या गावच्या माशात काय आहे, हे विचारायचा हक्क आपला आहे.

आता ठराव वाचते. "प्रभागसंघाच्या सर्व ग्रामसंघांनी खाडी-नदी वही सुरू करावी, आणि येत्या ग्रामसभेत मासे व गाळ यांच्या पाऱ्यासाठीच्या तपासणीची मागणी लेखी मांडावी." सूचक आणि अनुमोदक म्हणून एक ताई खाडीकाठची आणि एक वरच्या गावची पुढे या. मान्य असेल त्यांनी हात वर करा. सचिवताई, मोजून इतिवृत्तात नोंद घ्या.